सेनापती बापट मार्गावरून शाळेत येताना

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. संयोजकांनी ध्वनिमुद्रणावरून उतरवून दिलं. मी किरकोळ दुरुस्त्या केल्या, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

सर, बाई आणि १९७८ सालच्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मी सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे वीस मिनिटांत संपवायचं म्हणजे काय हे मला नीट ठाऊक नाही. बाईंनी घंटा वाजवली तर थांबेन. बाईंना बघून आजही पहिल्या बाकावर बसायची हिंमत झाली नाही, हे मात्र कबूल करतो.

सकाळी दारात नावं नोंदवायचं टेबल होतं. तिथं मी मुद्दाम तासभर बसलो होतो. नाव, फोन, आणि सध्या राहतो कुठं, असे तीन रकाने. सत्तावन्न नावं झाली. मी तिसरा रकाना वाचत गेलो. विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा, बदलापूर, कळवा, पनवेल. आपला गोलकीपर तर रात्रीच्या एसटीनं गुहागरहून आला. शाळेत चालत आले, असे किती असतील? सहा. सत्तावन्नातले सहा. आपण शाळेत होतो तेव्हा वर्गातला एकही जण बसनं यायचा नाही. घंटा झाली की चाळीतून पळत सुटायचं, आणि तरी प्रार्थनेला पोचायचं.

मला त्या तिसऱ्या रकान्याबद्दल बोलायचं आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझी नोकरी नक्की कसली हे माहीत नाही. 'तो महसुलात आहे' इतकंच. मी लिपिक म्हणून लागलो, अव्वल कारकून झालो, नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो. त्यातली सलग अकरा वर्षं मी भूसंपादनाचं काम केलं. साध्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या जमिनी घेणं हे माझं काम होतं. धरण, रस्ता, कालवा, औद्योगिक वसाहत, जे असेल त्यासाठी. आणि ते काम शिकायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की, मी ज्या रस्त्यानं शाळेत येत होतो त्या रस्त्याचं नाव काय सांगतं.

आमची चाळ डिलाइल रोडला. मी लोअर परळच्या पुलावरून तुळशी पाइप रोडला यायचो, तिथून एल्फिन्स्टनचा पूल ओलांडून इकडे परळला शाळेत. तो पूल पाडण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, हेही तुम्हाला माहीत आहे. तुळशी तलावाच्या पाण्याची नळवाहिनी म्हणून तुळशी पाइप. पण पाटीवर नाव होतं सेनापती बापट मार्ग. आम्ही पोरं समजायचो, हे शिवाजी महाराजांचे कुणी सेनापती असणार. एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं होतं, आणि मी उभा राहून ठामपणे तेच उत्तर दिलं होतं. सर हसले आणि म्हणाले, 'घरी जाऊन विचार.' घरी बाबा पहिली पाळी करून झोपले होते. मी तळमजल्यावरच्या आजीला विचारलं.

ही आजी आमच्या कुणाच्या नात्यातली नव्हती, चाळीची आजी होती. माहेर मुळशी खोऱ्यातलं. तिची एक सवय सगळ्या चाळीला माहीत होती. पॅसेजमधला दिवा कुणी उगाच चालू ठेवला की ती ओरडायची, 'आमचं गाव बुडवून लावलाय रे तो दिवा, बंद करा!' आम्हाला वाटायचं म्हातारी काहीही बोलते. त्या दिवशी तिनं मला खाली बसवलं आणि सांगितलं.

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर, मुळशीला, टाटांच्या वीज कंपनीनं धरण बांधायला घेतलं. त्याआधी लोणावळ्याच्या तलावांवर खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं होतं आणि तिथली वीज तारांवरून आपल्या परळला येत होती. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या, त्यांना वीज हवी होती. आणखी वीज म्हणजे आणखी तलाव. मुळशी खोऱ्यात आंबेमोहर पिकायचा. ती सगळी भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांनी विरोध केला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस, त्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याच्या पुढाऱ्यांत होते, विनायकराव भुस्कुटे होते. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. बापट इंग्लंडला शिकलेले, पारनेरचे, आणि या लढ्यातच लोक त्यांना सेनापती म्हणायला लागले. तीनेक वर्षं लढा चालला. माणसं तुरुंगात गेली, बायकाही मागे राहिल्या नाहीत. शेवटी बापटांनी कामावरची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह हरला. धरण झालं. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आजीचे वडील तिला घेऊन मुंबईला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. म्हणजे बघा, ज्या विजेसाठी शेत गेलं, त्याच विजेवर फिरणाऱ्या साच्यांवर तो माणूस उभा राहिला. आजीनं हे रडत सांगितलं नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'शेत गेलं, पण गिरणीनं पोटाला घातलं. खोटं कशाला बोलू?'

हे वाक्य मी पुढं नोकरीत फार वेळा आठवलं. कारण उद्योगासाठी जमीन घेऊच नये असं म्हणणं आपल्याला परवडणारं नाही. आपण सगळे गिरण्यांची मुलं. तुमची पुस्तकं, माझा गणवेश, आपल्या गणपतीची वर्गणी, सगळं त्या भोंग्यावर चालायचं. कुणाच्या तरी शेतातून आलेल्या विजेवर आपण वाढलो. तेव्हा प्रश्न जमीन घ्यावी की नाही एवढाच नसतो. ज्याची घेतली त्याच्याशी आपण सरळ वागलो का, हाही असतो. आणि त्या बाबतीत मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ती मी घरीसुद्धा फार उशिरा सांगितली.

त्याआधी दोन मिनिटं कायदा. कंटाळू नका, सोपा करून सांगतो.

मुळशीला लागला तो १८९४ चा भूसंपादन कायदा, आणि मी ज्याच्या खाली काम केलं तोही तोच. थेट २०१३ पर्यंत चालला. त्यात कलम ४ ची अधिसूचना निघाली की जमिनीचा भाव त्या तारखेला गोठतो. त्या दिवशी ती जमीन म्हणजे साधं जिराईत रान. कारखाना, रस्ता, वीज, सगळं नंतर येणार. भाव काढायचा आजूबाजूच्या खरेदीखतांवरून, आणि खरेदीखतात लोक मुद्रांक शुल्क वाचवायला किंमत कमी दाखवतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे कागदावर आधीच कमी असलेली किंमत सरकार प्रमाण धरणार. त्यावर १९८४ नंतर तीस टक्के दिलासा रक्कम. मग अधिकारी निवाडा जाहीर करतो आणि मोबदला वाटला जातो.

आता त्यातली मेख. ज्याला मोबदला कमी वाटतो त्याला कलम १८ खाली कोर्टात जाता येतं. पण अट अशी की, पैसे घेताना त्यानं 'हक्क राखून' घेतले पाहिजेत. कचेरीत सगळे 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात. पावतीवर तेवढे दोन शब्द लिहिले तर वाढीव मोबदल्याचा दरवाजा उघडा. न लिहिता सही केली तर बंद. दोन शब्दांवर सगळं.

१९९४ साल. जिल्हा सांगत नाही, गाव सांगत नाही. एका औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घेतली होती. चावडीवर मोबदला वाटप. मी टेबलावर, शेजारी माझे वरिष्ठ. रांग लागलेली. बहुतेक अंगठेवाले. सकाळीच वरिष्ठांनी मला बजावलं होतं, 'ते दोन शब्द कुणाला शिकवत बसू नकोस. उद्या शंभर केसेस कोर्टात जातील, त्या आपल्यालाच निस्तरायच्या आहेत.' मी मान हलवली.

दुपारी एक म्हातारा आला. माझ्या बाबांच्या वयाचा. डोक्याला मुंडासं, हातात पिशवी, पिशवीत पासबुक. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच हवेत धरून मला विचारलं, 'साहेब, नुसता अंगठाच का? आणखी काही लिहायचं असतं का?'

त्यानं कुठंतरी काहीतरी ऐकलं होतं. नक्की काय ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी वरिष्ठांकडे बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. मी म्हणालो, 'नाही बाबा, अंगठा पुरे.'

त्यानं अंगठा उठवला, नमस्कार केला आणि गेला.

त्या गावातल्या नऊ खातेदारांनी तालुक्याचा वकील गाठून हक्क राखून पैसे घेतले होते. काही वर्षांनी कोर्टानं त्यांचा दर वाढवून दिला. मी तेव्हा बदलून दुसरीकडे गेलो होतो. कायद्यात आणखी एक खिडकी होती. १९८४ च्या दुरुस्तीनं कलम २८ अ आलं. एकाला कोर्टातून वाढ मिळाली की, त्याच अधिसूचनेतल्या जे कोर्टात गेले नाहीत अशांनाही तीन महिन्यांच्या आत अर्ज करून तेवढीच वाढ मागता येते. तीन महिने. पण कोर्टाचा निकाल लागला हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार? मला कळलं तेव्हा ते तीन महिने उलटून गेले होते. मी तरी पत्र टाकलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर देत नाही.

तुम्ही म्हणाल, नोकरी होती, हुकूम होता. हुकूम होता हे खरं. पण त्यानं मला सरळ प्रश्न विचारला होता. मी गप्प बसलो असतो तर ती एक गोष्ट झाली असती. मी उत्तर दिलं, आणि ते खोटं होतं.

आता आपल्या गिरणगावाकडे येतो.

१८ जानेवारी १९८२. तारीख सांगायची गरज नाही, आपल्या प्रत्येकाच्या घरात ती आहे. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. माझे बाबा साचेखात्यात. आईनं खानावळीचे डबे सुरू केले, तुमच्यातल्या काहींनी ते खाल्ले आहेत आणि काहींनी पैसे बुडवले आहेत, ते मी आज वसूल करणार नाही. संप कधी मिटला ते कुणालाच सांगता येत नाही, कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि तोवर मालकांच्या लक्षात आलं होतं की, कापडापेक्षा कापड विणायच्या शेडखालची जमीन महाग आहे.

साठेक गिरण्या, जवळजवळ सहाशे एकर, आणि तीही मुंबईच्या मधोमध. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. साधारण तीन वाटे. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला विकायला. वाईट नव्हती वाटणी. पण वाटणी करायची तर शेड पाडून जमीन मोकळी करावी लागणार, म्हणून मालक शेडला हातच लावेनात. आतल्या आत दुरुस्ती करून बोलिंग चालू केलं, हॉटेलं चालू केली. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करून आराखडा दिला. तो कागदावर राहिला.

मग २००१ साली नियम बदलला. वाटणी राहिली, पण फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी मोकळी होईल ती वाटणीत नाही. तुम्ही सगळे गिरणीत डबा घेऊन गेलेले आहात. सांगा, गिरणीत मोकळी जागा होती किती? खाती, गोदामं, बॉयलर, चिमणी, मधे एखादा तलाव आणि हनुमानाचं देऊळ. म्हणजे उरलं काय वाटायला? पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून २००१ ची दुरुस्ती कायम ठेवली. त्याच सुमारास महामंडळाच्या ज्युपिटर, अपोलो, कोहिनूर अशा गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. आज सेनापती बापट मार्गावरून चालत या. दोन्ही हातांना काचेचे मनोरे आहेत. रस्त्याला नाव कुणाचं, आणि रस्त्यावर काय, हे एकदा बघा.

माझ्यासारख्या भूसंपादनाच्या माणसाला यात एक विचित्र गोष्ट दिसते. मुळशीच्या शेतकऱ्याला निदान नोटीस मिळाली होती. त्याचा सातबारा होता, त्याचं नाव निवाड्यात होतं. तिथंही जे कसत होते पण ज्यांच्या जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या होत्या, त्यांची गत वेगळी झाली. सावकाराला मोबदला वाढवून मिळाला की त्याचा विरोध संपला. कसणाऱ्याला त्यातलं काय मिळालं? आपल्या बापांची गत तीच. तीन-तीन पिढ्या ती जमीन त्यांनी चालती ठेवली, पण सातबाऱ्यावर नाव नाही. त्यामुळे कायद्याच्या नजरेत गिरणगाव कधी विस्थापित झालंच नाही. कुणी जमीन घेतली नाही, कुणाला नोटीस नाही, निवाडा नाही, हरकत नोंदवायची खिडकी नाही. आणि तरी आपण सत्तावन्नातले एक्कावन्न जण आज चालत आलो नाही.

पुढं घरांचा लढा झाला तो दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांमुळे, वेगवेगळ्या कामगार संघटनांमुळे. म्हाताऱ्या कामगारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. १ जानेवारी १९८२ रोजी जो हजेरीपटावर होता तो पात्र, असं ठरलं. अर्ज आले दीड लाखाच्या आसपास. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती ६,९२५. नंतरही सोडती झाल्या, काहींना खरंच घरं लागली, आपल्यातल्या दोघांच्या आईंना लागली, त्यांचे पेढे मी खाल्ले आहेत. पण हिशेब तुम्हीच करा.

आमच्या बाबांचं नाव त्या यादीत आहे. म्हणजे होतं. ते २००३ साली गेले. अर्ज आईनं वारस म्हणून भरला. त्या अर्जाच्या वेळची एक गोष्ट सांगतो आणि मग शेवटाकडे येतो.

आईबरोबर मी गेलो होतो. रांग मोठी. आईच्या पिशवीत बाबांचा फोटो, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड. काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी. तिनं कागद बघितले आणि म्हणाली, 'आजी, यात बाबांचा तिकीट नंबर कुठंच नाही.' आई घाबरली. मी महसूल खात्यातला माणूस, पण मलाही सुचेना. ती मुलगी काउंटरच्या बाहेर आली, आईला बाकावर बसवलं, आणि अर्जाच्या पाठीमागे एकेक करून लिहून दिलं: हजेरीकार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, विमा कार्ड, पगाराची पावती, यातलं काहीही एक चालेल. आणि म्हणाली, 'घरी पेटीत खाली बघा, बायका हे कागद साडीच्या घडीत ठेवतात.' आईच्या पेटीत खरंच साडीच्या घडीत फंडाची स्लिप निघाली.

घर अजून लागलेलं नाही. आई आता नव्वदीला टेकली आहे. पण त्या मुलीनं जे केलं त्याला किती वेळ लागला? पाच मिनिटं. मला चावडीवर तेवढाही लागला नसता.

२०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला. १ जानेवारी २०१४ पासून लागू. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याच्या नावावर जमीन नाही पण त्या जमिनीवर ज्याचं पोट आहे, शेतमजूर, कूळ, कारागीर, त्यालाही बाधित मानलं आहे. आजीच्या वडिलांसारख्यांना शंभर वर्षांपूर्वी हे मिळालं असतं तर पुष्कळ फरक पडला असता. कायदा कागदावर चांगला आहे. तो चावडीवरच्या टेबलापर्यंत पोचतो का, हे टेबलावर बसलेल्या माणसावर असतं.

आपल्या महाराष्ट्रात लोकांनी लढून चांगले पायंडेही पाडले आहेत. धरणग्रस्तांनी 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी लावून धरली, आणि १९७६ सालीच आपल्याकडे पुनर्वसनाचा कायदा झाला. नवी मुंबईत सिडकोनं जमिनी घेतल्या, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची योजना आली. मला त्यातलं तत्त्व पटतं. कालच्या रानाचा भाव देऊन वाटेला लावायचं नाही, तुझ्या जमिनीवर उद्या जे उभं राहील त्यात तुझाही वाटा. गिरगाव-काळबादेवीला मेट्रो ३ साठी इमारती गेल्या, तेव्हा रहिवासी अडून बसले की पुनर्वसन इथंच, याच भागात. ते मान्य करावं लागलं. म्हणजे जागच्या जागी घर देता येतं, मनात असलं तर.

आणि आपल्या कामगारांना काय सांगितलं? घरं शेलूला आणि वांगणीला घ्या. म्हणून तर जुलै २०२५ मध्ये सत्तरी-ऐंशीची माणसं भर पावसात आझाद मैदानात बसली. मी सहज कर्जत लाइनचं वेळापत्रक बघितलं. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड. त्या भिवपुरीला टाटांचं १९२२ सालचं वीजघर आहे. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी वीज ज्या बाजूनं मुंबईत आली, त्याच बाजूला आता गिरणी कामगार पाठवायचा. आजी असती तर म्हणाली असती, दिवा बंद करा रे.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. संपवतो.

मला आज टाळ्या नको आहेत, मदत हवी आहे. सकाळी नावं नोंदवताना मी चौथा रकाना स्वतःच्या हातानं वाढवला होता, काहींनी विचारलं हे काय. 'गिरणीच्या घराचा अर्ज: आहे, नाही, अडकला आहे.' सत्तावन्नातल्या तेवीस जणांनी 'अडकला आहे' लिहिलं. कुणाचा वारसदाखला नाही, कुणाच्या नावात फरक आहे, कुणाला तिकीट नंबरचा पुरावा मिळत नाही, दोघांच्या भावाभावांत वाद आहे. हे सगळं सुटण्यासारखं आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक मी शाळेच्या खालच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसणार आहे. आपल्या वर्गातले दोन वकील येतो म्हणालेत, बँकेतून निवृत्त झालेली आपली मैत्रीण फंडाच्या कागदांचं बघणार आहे. आपल्या तुकडीपुरतं नाही, शाळेच्या कुठल्याही तुकडीचा, आणि शाळेचा नसला तरी कुणीही येऊ द्या. घर देणं माझ्या हातात नाही, आणि तसं मी कुणाला सांगणारही नाही. पण कुठं काय लिहायचं असतं, ते मला माहीत आहे.

येताना साडीच्या घड्या बघून या.

सर, त्या दिवशी तासाला तुम्ही मला 'घरी जाऊन विचार' म्हणालात. मी विचारलं होतं. उत्तर वर्गात सांगायचं राहून गेलं होतं, ते आज सांगितलं. उशीर झाला, माफ करा.